माळव्याचे हरिभाऊ : डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर



भीमबेटका हे नाव तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. एका ओळीत शोधाचे वर्ष, दुसऱ्या ओळीत शोधणाऱ्याचे नाव, आणि पान उलटले की आपण थेट हडप्पाला पोहोचतो. परीक्षेपुरते ते ठीकच आहे. पण त्या दुसऱ्या ओळीतला माणूस आपल्याच माळव्याचा, मराठी घरातला. तो आधी चित्रकार होता, मग वस्तुसंग्रहालयाचा माणूस झाला आणि त्यानंतर इतिहास-पुरातत्त्वाचा प्राध्यापक. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे त्यांचे पूर्ण नाव, पण सगळे त्यांना हरिभाऊच म्हणत. त्यांची ओळख या अंकात करून घेऊ.

त्यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. नीमच म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातली इंग्रजांची छावणी. तिथे मराठी कुटुंब कसे, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पडतो, आपल्याला पडत नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, तो त्या लढाईत मारला गेला, आणि त्यानंतर माळव्यात मराठ्यांचे पाय रोवले गेले. धारला पवार आले. देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या, आणि एकाच गावात दोन राजांचा कारभार १९४८ पर्यंत चालला. इंदूरला होळकर, उज्जैन-ग्वाल्हेरला शिंदे. त्यांच्या मागोमाग कारकून, शिक्षक, पुरोहित, वैद्य, शिलेदार आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात माळवी, दप्तरात हिंदी, ही आपली रीत तिथपासूनची. वाकणकर याच जगात वाढले. पुढे त्यांचे लेखन मराठीपेक्षा हिंदी-इंग्रजीत अधिक झाले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे होते तितके घेतले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हरिभाऊंच्या हातात आधी आला तो कुंचला. मुंबईची जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका त्यांनी घेतली आणि उज्जैनला भारती कला भवन ही संस्था उभी केली. तिथे मुले चित्रकला शिकत. ही गोष्ट चरित्रांत दोन शब्दांत उरकली जाते. खरे तर पुढचे सगळे इथूनच निघाले आहे. पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे त्या काळी बहुतेक संस्कृत किंवा इतिहास शिकून येत. शिलालेख दिसला की ते थांबत, नाणे दिसले की थांबत. दगडावरची गेरूची रेघ दिसली तर ‘कोणी गुराख्याने काढली असेल’ म्हणून पुढे जाणारेही होते. चित्रकाराचे तसे होत नाही. त्याला रेघ आधी दिसते. ती कोणत्या दिशेने ओढली, हात कुठे थांबला, रंग पातळ होता की दाट, आधी कोणती आकृती काढली आणि नंतर कोणती, हे त्याच्या डोळ्याला आपोआप कळते.

आणि मुलांनो, ‘आधी कोणती, नंतर कोणती’ हाच इतिहासाचा गाभा असतो. भीमबेटक्याच्या एका खडकाला प्राण्यांच्या गर्दीमुळे ‘झू रॉक’ म्हणतात. त्यावर हत्ती, गवे, बारशिंगे, हरणे एकावर एक काढलेली आहेत. पाटीवर पुसल्याशिवाय पुन्हा पुन्हा लिहावे तसे. जी आकृती दुसरीला झाकते ती नंतरची, जी झाकली गेली ती आधीची. असे थर लावीत गेले की कोणत्या काळातली माणसे काय काढत होती याचा क्रम मिळतो. नुसती शिकार, नाच, मध गोळा करणे, गर्भवती प्राणी अशी चित्रे जुनी. मग गुरे येतात आणि मडक्यांवरच्या नक्षीसारखी नक्षी येते. सर्वात वर घोडेस्वार, हत्तीवर बसलेले सरदार, ढाली-तलवारी, भाले, धनुष्ये आणि वाद्ये वाजवणारे. म्हणजे शिकारीच्या टोळीपासून फौजेपर्यंतचा प्रवास एकाच भिंतीवर. लढाईचा इतिहास म्हटला की आपल्याला बखरी आणि तहनामे आठवतात. इथे तो लिहिता न येणाऱ्या माणसांनी काढून ठेवला आहे. बहुधा जंगलात राहून, खालच्या वाटेने जाणाऱ्या सेना पाहून. फौजेच्या दप्तरात जंगलातल्या माणसांविषयी चार शब्द मिळतात. त्या माणसांनी फौजेविषयी काय पाहिले ते मात्र फक्त या भिंतींवर मिळते.

हरिभाऊंनी १९५४ च्या सुमारास चंबळ आणि नर्मदेच्या खोऱ्यांत पायी फिरायला सुरुवात केली. त्या वेळी या कामाला एक घाई होती. भानपुऱ्याजवळ चंबळेवर गांधीसागर धरण बांधले जात होते. १९६० साली ते पुरे झाले. धरण झाले की शेते भिजतात, वीज मिळते, आणि नदीकाठची जुनी गावेही कायमची पाण्याखाली जातात. त्या गावांच्या खाली आणखी जुनी गावे गाडलेली असतात, त्यांना तर नुकसानभरपाई मागायला कोणी नसते. मंदसौर जिल्ह्यात आवरा, मनोटी या ठिकाणी त्या वर्षांत उत्खनने झाली ती याच घाईने. मनोटीचे काम वाकणकरांनी केले. नर्मदेवर महेश्वर-नावडाटोळीला डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मोठे काम चालू होते, तिथेही ते होते. शास्त्रशुद्ध खणणे त्यांनी अशा प्रत्यक्ष कामावर शिकून घेतले.

आता भीमबेटका. १९५७ साली ते भोपाळ-इटारसी मार्गावर रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून डोंगरावरचे उभे खडक दिसले, जवळच्या स्थानकावर उतरून ते तिकडे चालत गेले आणि चित्रांनी भरलेल्या गुहा त्यांच्यापुढे आल्या, ही हकिकत तुम्ही ऐकली असेल. पुष्कळ पुस्तकांत पुढे असेही छापलेले आढळते की ते खडक त्यांना फ्रान्स-स्पेनमधल्या गुहांसारखे वाटले म्हणून ते उतरले. इथे थोडे थांबून तारखा लावून पाहा. फ्रान्सला जाऊन तिथल्या गुहांचा त्यांनी अभ्यास केला तो १९६१ ते १९६३ या काळात. मग १९५७ मध्ये खिडकीतून पाहताना फ्रान्स कसे आठवेल? फोटो आणि पुस्तके त्यांनी पाहिली असणारच, पण खडक ओळखण्याचे खरे कारण साधे असावे. तोवर तीन वर्षे ते चंबळेच्या काठी असल्याच वालुकाश्माच्या कपारी धुंडाळत होते. पुढे झुकलेले छप्पर, खाली सावली, जवळ पाणी, अशा ठिकाणी माणूस राहिलेला असतो हे त्यांना पायांनी माहीत झाले होते. युरोपचे नाव जोडले की आपल्याकडच्या गोष्टीला वजन येते अशी एक जुनी समजूत आहे, तिचाच हा प्रकार दिसतो.

दुसरी गोष्ट ‘शोध’ या शब्दाची. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या तलावाच्या परिसराविषयी लिहिताना या जागेचा उल्लेख केला होता. ती बौद्धांची जागा असावी असे त्याने म्हटले. त्याला ही माहिती कोणी दिली? तिथल्या आदिवासींनी. म्हणजे डोंगर हरवलेला नव्हताच. आसपासच्या गोंड वगैरे मंडळींना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्याला त्यांनी भीमाची बैठक असे नावही दिले होते. कपारींत चित्रे आहेत हेही त्यांना माहीत होते. किंकेडने ऐकले आणि चित्रे न पाहताच सोडून दिले. वाकणकर गेले, त्यांनी पाहिले, आणि पुढची वीस वर्षे परत परत जात राहिले. ‘भीमबेटका वाकणकरांनी शोधले’ या वाक्यात इतके सगळे आहे. त्यांनी ते जगाच्या आणि विद्येच्या नोंदीत आणले, असे म्हणणे जास्त बरोबर, आणि ते काही लहान काम नव्हे.

कारण या बाबतीत आपला देश आधी पुढे असून मागे पडला होता. आर्चिबाल्ड कार्लाइल याने १८६७-६८ मध्येच मिर्झापूरच्या बाजूला, सोहागीघाटात, खडकांवरची चित्रे पाहिली होती आणि ती फार प्राचीन असावीत असे त्याला वाटले होते. स्पेनमधल्या अल्तामिराची प्रसिद्ध चित्रे दिसली ती त्यानंतर, १८७९ साली. कार्लाइलने वेळेवर काही छापले नाही. अल्तामिराच्या चित्रांवरही युरोपातल्या पंडितांचा वीसेक वर्षे विश्वास बसला नाही. रानटी माणूस इतके सुंदर काढूच शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे युरोपाने आपली चूक दुरुस्त केली. आपल्याकडे पचमढी, रायगढ अशी काही ठिकाणे नोंदली गेली, एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने हौसेने लेख लिहिला, इतकेच. देशभर फिरून, एका पद्धतीने, हजारो चित्रांच्या नकला करून त्यांचे कालक्रम लावण्याचा पहिला मोठा उद्योग वाकणकरांचा.

नक्कल करणे म्हणजे काय, हे समजायला आपल्या धार जिल्ह्यातल्या बाघच्या लेण्यांची आठवण करा. ही लेणी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती. १९२१ साली संस्थानाने नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे चित्रकारांना बोलावून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. ओल आणि ढासळत्या खडकामुळे मूळ चित्रे पुढे इतकी उडाली की उरलेला भाग नंतर भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावा लागला. आज बाघचे चित्र कसे होते हे आपण मुख्यतः त्या नकलांवरून जाणतो. नक्कल ही दुय्यम दर्जाची गोष्ट असे आपण समजतो. इथे नक्कलच उरली. वाकणकरांनी स्वतः आणि विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या खडकचित्रांच्या नकला अशाच हजारोंनी आहेत. त्या काळी रंग उठून दिसावेत म्हणून खडकावर पाणी मारण्याची पद्धत सर्रास होती. त्याने क्षार वर येतात आणि चित्र धूसर होते, हे नंतर कळले. आता ते करू देत नाहीत.

इथपर्यंत प्राध्यापक कुठेच आला नाही, असे तुम्ही म्हणाल. उज्जैनला १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ सुरू झाले आणि हरिभाऊ त्याच्या पुरातत्त्वाच्या कामाशी जोडले गेले. संग्रहालय आणि उत्खनन ही दोन्ही अंगे त्यांच्याकडे आली. विद्यापीठाचे पुरातत्त्व संग्रहालय विक्रम कीर्ती मंदिरात आहे. नर्मदेच्या खोऱ्यातली अश्मयुगीन हत्यारे, एका प्राचीन हत्तीची कवटी, माळव्यातल्या परमारकालीन मूर्ती, मडक्यांचे तुकडे. वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्यासमोर काचेची कपाटे येतात. पण कपाटाच्या मागे नोंदवही असते आणि खरे संग्रहालय त्या वहीत असते. वस्तू कुठे मिळाली, किती खोलीवर, कोणत्या तारखेला, तिच्याबरोबर आणखी काय होते, ती कोणी आणून दिली. या नोंदीवाचून सुंदरात सुंदर मूर्तीही मुकी. उलट, नोंद असेल तर मडक्याचा बोटभर तुकडाही साक्ष देतो. हे वहीचे वळण वाकणकरांच्या अंगी होते. त्यांच्या खाजगी संग्रहात साडेपाच हजारांच्या आसपास नाणी जमली. उज्जैनच्या जुन्या नाण्यांवर एक खूण असते, अधिकाच्या चिन्हासारखा क्रूस आणि त्याच्या चारही टोकांना एकेक गोल. नाणेशास्त्रात तिला ‘उज्जैनी चिन्ह’च म्हणतात. ते नाणे कोणी दाखवले तर आता तुम्हाला ओळखता येईल.

वाकणकरांचे दुसरे मोठे काम देवासकरांना अगदी जवळचे आहे. देवासहून मक्सीला जा आणि मक्सीहून उज्जैनच्या रस्त्याला लागा, वाटेत कायथा गाव लागते. छोटी कालीसिंध नदीचा काठ. वराहमिहिराने आपले ज्ञान जिथे मिळवले ते कपित्थक म्हणजे हेच गाव, असे अनेक विद्वान मानतात. गावाला लागून पांढरीचे टेकाड आहे. १९६५-६६ पासून वाकणकरांनी विक्रम विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केले. १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. मधुकर ढवळीकर यांनी विद्यापीठाबरोबर ते पुढे नेले.

खणताना सर्वात तळाशी जी वस्ती मिळाली तिची मडकी आधी कुठे मिळालेली नव्हती. चॉकलेटी रंगाचे, जाड, त्यावर जांभळट रंगाने नक्षी काढलेले भांडे. दुसरे पिवळसर अंगावर लाल नक्षीचे. तिसऱ्यावर फणी ओढल्यासारख्या रेघा. ही मडकी करणाऱ्या लोकांना पुरातत्त्वाने नाव दिले ते ‘कायथा संस्कृती’. जगातल्या पुस्तकांत माळव्यातल्या एका खेड्याचे नाव असे कायमचे गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोळशाच्या तुकड्यांवर कार्बन-१४ ची तपासणी झाली आणि काळ निघाला तो इ.स.पूर्व २४०० ते २००० च्या आसपासचा. म्हणजे सिंधू संस्कृतीची शहरे भरभराटीत होती त्याच वेळी आपल्या या काळ्या मातीत शेती करणारे गाव नांदत होते. गरीबही नव्हते. तांब्याच्या साच्यात ओतलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या, तांब्याच्या २८ बांगड्या मिळाल्या, अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांच्या माळा मिळाल्या. एका भांड्यात तर स्टिएटाइट या मऊ दगडाचे सुमारे ४०,००० बारीक मणी होते. मोहरीसारखे! ते कोणी मोजले असतील, याचा विचार करून पाहा. असा ऐवज घरात टाकून माणसे निघून गेली. वर मातीचा एक रिकामा थर, ज्यात वस्तीची खूणच नाही. मग त्यावर राजस्थानातल्या आहाडशी नाते सांगणारी वस्ती, आणि तिच्यावर माळवा संस्कृतीची. पहिली माणसे का गेली यावर विद्वानांचे एकमत नाही.

भीमबेटक्याचे रीतसर उत्खनन १९७० नंतर सुरू झाले. सागर विद्यापीठाने, विक्रम विद्यापीठातर्फे वाकणकरांनी आणि डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तिथे वेगवेगळ्या कपारी खणल्या. मोठ्या दगडी हातकुऱ्हाडींपासून नखाएवढ्या गारगोटीच्या पात्यांपर्यंत, एकाच जमिनीत, थरावर थर असा अश्मयुगाचा लांबलचक पट मिळाला. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, म्हणजे शहामृग एके काळी आपल्याकडे होते. भीमबेटका, विनायका, भौंरावली, लाखाजुआर अशा टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक कपारी आहेत, त्यांतल्या पुष्कळांत चित्रे.

या सगळ्याच्या जोडीला हरिभाऊंनी पुणे विद्यापीठाची पीएच. डी. केली, १९७३ साली. विषय भारतातल्या चित्रित शैलाश्रयांचा, मार्गदर्शक सांकलिया. वय वर्षे ५४. ज्या विषयावर त्यांना लोक आधीच जाणकार मानत होते त्याच विषयावर त्यांनी विद्यार्थी होऊन प्रबंध लिहिला. (दहावीत एकदा गणित राहिले म्हणून शिक्षण सोडू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही ओळ घरी वाचून दाखवायला हरकत नाही.) १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. रॉबर्ट ब्रुक्स या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर त्यांनी भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९७६ मध्ये निघाले आणि परदेशांतल्या अभ्यासकांपर्यंत भीमबेटका पोहोचले.

त्यांची सगळीच मते टिकली असे नाही, आणि ते लपवून त्यांचा गौरव करण्याची गरजही नाही. भीमबेटक्यातली हिरव्या रंगातली नाचणारी माणसे त्यांनी उत्तर पुराश्मयुगातली, म्हणजे फार फार जुनी मानली. त्याच गुहांवर प्रबंध लिहिणारे चित्रकार-संशोधक यशोधर मठपाल आणि इतरही अनेक अभ्यासकांना ते पटले नाही. त्यांच्या मते सर्वात जुनी चित्रे मध्याश्मयुगातली. खडकावरच्या खनिज रंगाला कार्बन-१४ लावता येत नाही, त्यामुळे हा वाद सोपा नाही. युनेस्कोच्या नोंदीतही चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगापासूनच धरला आहे. ‘तीस हजार वर्षे’ हा आकडा फलकांवर आणि व्हॉट्सअॅपवर जितक्या खात्रीने फिरतो तितकी खात्री शास्त्राला नाही.

तसेच सरस्वतीचे. १९८५ साली त्यांनी काही अभ्यासकांना बरोबर घेऊन हरियाणातल्या आदिबद्रीपासून सोमनाथापर्यंत लुप्त सरस्वतीच्या कोरड्या पात्राचा मागोवा घेतला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी! हरिभाऊ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीचे पहिले महामंत्री. त्यामुळे त्यांच्या या मोहिमेकडे कोणी फार भक्तीने पाहिले, कोणी फार संशयाने. कोरडी पात्रे आणि त्यांच्या काठच्या शेकडो हडप्पाकालीन वस्त्या या आहेतच. ती नदी वेदांतली का, आणि ती केव्हा आटली, यावर भूगर्भशास्त्रज्ञांची आणि इतिहासकारांची चर्चा अजून चालू आहे. आपल्या शाळेतल्या मोठ्या मुलांनी दोन्ही बाजू वाचाव्यात. वाकणकरांची श्रद्धा आणि त्यांची खणण्याची वही या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांच्या विरोधी मताचे लोकही त्यांची कायथ्याची मडकी नाकारत नाहीत.

उज्जैनच्या उत्तरेला महिदपूर तहसिलीत डोंगला नावाचे गाव आहे. महिदपूर म्हटले की आपल्याला २१ डिसेंबर १८१७ ची होळकर-इंग्रज लढाई आठवते. वाकणकरांनी या भागाकडे वेगळ्याच कारणाने पाहिले. उज्जैन हे भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखांशाचे स्थान, आणि कर्कवृत्त तिथून जाते असे जुने ग्रंथ मानत. हजारो वर्षांत पृथ्वीच्या आसाचा कल किंचित बदलतो, त्यामुळे कर्कवृत्त सरकते. मग आज ते नेमके कुठे? डोंगल्याजवळ, असे त्यांनी दाखवले. तिथे आता वराहमिहिराच्या नावाने वेधशाळा उभी आहे. कायथ्याचा वराहमिहिर असा पुन्हा भेटतो.

एप्रिल १९८८ मध्ये हरिभाऊ सिंगापूरला गेले होते. तिथेच त्यांचे निधन झाले. एकोणसत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांचा नाण्यांचा, शिलालेखांचा आणि चित्रांच्या नकलांचा संग्रह उज्जैनला त्यांच्या नावाच्या शोध संस्थानाकडे आहे. मध्य प्रदेश शासन पुरातत्त्वातल्या कामासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते. प्रबंध मात्र पुस्तकरूपाने निघायला २००५ साल उजाडले. आणि २००३ साली युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत घातले तेव्हा ते पाहायला ते नव्हते.

भीमबेटक्याला गेलात तर ‘ऑडिटोरियम’ नावाच्या मोठ्या गुहेत मान वर करून छताकडे जरूर पाहा. तिथल्या एका पानासारख्या ठशाची अलीकडे मोठी कहाणी झाली. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जाहीर केले की हा पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ या प्राण्याचा जीवाश्म आहे. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. हजारो अभ्यासक आणि लाखो पर्यटक त्याच्या खालून गेले, कोणाला दिसला नाही, अशी हळहळही झाली. २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने जाऊन नीट पाहिले, तर तो ठसा खडकात नव्हताच, खडकावर चिकटलेला होता आणि सुटू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. पहिल्या शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले. आसपासच्या खडकांना आजही पोळी लटकलेली असतात, आणि भीमबेटक्याच्या जुन्या चित्रांत मध गोळा करणारी माणसे आहेत, हे आपण वर पाहिलेच.